ताटातलं तेल, टाकीतलं तेल

मुलांनो, दिवाळीतली करंजी तुम्ही सगळ्यांनीच खाल्ली असेल. पण झाडाला लागलेली करंजी पाहिलीय का? हसू नका! उन्हाळ्याच्या तोंडाशी करंजाच्या एखाद्या झाडाखाली जाऊन उभे राहा. पायाखाली तपकिरी, चपट्या, टणक शेंगांचा सडा पडलेला दिसेल. त्यातली एक उचलून तळहातावर ठेवा. थेट फराळातली करंजी, फक्त चार-पाच सेंटिमीटर लांबीची! फोडली की आत बहुधा एकच बी निघते. ही करंजी खायची मात्र नाही हं. ती कडू असते आणि पोटाला बाधते.

मी तुर्भ्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेच्या वाटेवर करंजाची चार-पाच झाडं आहेत. एके दिवशी मुलांनी खिसे भरभरून शेंगा आणल्या. मी एक बी दगडानं ठेचली, कागदावर चोळली आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. कागदावर तेलकट, पारदर्शक डाग उमटला होता.

"मुलांनो, या बियांच्या तेलावर पूर्वी घराघरात दिवे जळायचे," मी सांगितलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग ट्रक चालेल का?"

प्रश्न तुर्भ्याच्या मुलालाच शोभेल असा होता. आमच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दुसऱ्या अंगाला बाजार समितीची भली मोठी आवारं. कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य, मसाला, सगळ्यांचे वेगवेगळे बाजार! रात्रंदिवस ट्रकची ये-जा चालू. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील ट्रकवर चालक आहेत, कुणाचे क्लीनर, कुणाचे माथाडी. ट्रक म्हणजे आमच्याकडे घरातली भाकरी आणि ट्रकचा धूर म्हणजे घरातला खोकला.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय? चालेल. पण "पण" फार मोठा आहे. तोच आज आपण समजून घेऊ.

डिझेलसाहेबांचं इंजिन

डिझेल हे माणसाचं आडनाव आहे, ठाऊक आहे का? रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचा जन्म 1858 साली पॅरिसमध्ये झाला. त्यानं नव्या तऱ्हेचं इंजिन बनवलं. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते आणि तिच्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेट घेतं.

1900 साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं या जातीचं एक छोटं इंजिन चालू होतं. त्याच्या टाकीत काय होतं सांगा पाहू? शेंगदाण्याचं तेल! आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा. तिथल्या यंत्रांना तिथलंच इंधन मिळावं, असा फ्रेंच सरकारचा हिशेब होता. वनस्पतींच्या तेलाला पुढे महत्त्व येईल, असं स्वतः डिझेलनंही 1912 साली लिहून ठेवलं.

दर वर्षी 10 ऑगस्टला आपल्याकडे जागतिक जैवइंधन दिन पाळतात. 1893 साली याच तारखेला डिझेलचं इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं, असं भाषणांतून पुष्कळदा सांगतात. पण त्या दिवशी झाली ती इंजिनाची पहिलीवहिली चाचणी. शेंगदाण्याची गोष्ट त्यानंतर सात वर्षांनी, पॅरिसमधली. तेव्हा तुम्ही भाषण करणार असाल, तर साल नीट सांगा बरं!

पुढे जमिनीतून निघणारं खनिज तेल स्वस्त आणि मुबलक मिळू लागलं. त्यापासून बनवलेल्या इंधनालाच डिझेलचं नाव चिकटलं आणि बियांचं तेल मागं पडलं.

तेल ते बायोडिझेल

मग आता बियांचं तेल सरळ ट्रकच्या टाकीत ओतायचं का? मुळीच नाही. हे तेल डिझेलपेक्षा दहा-बारा पट दाट असतं. ते बारीक फवाऱ्यातून नीट उडत नाही, अर्धवट जळतं आणि इंजिनात काजळी धरते. म्हणून आधी ते पातळ करावं लागतं. पाणी घालून नव्हे हं, रसायनशास्त्राच्या मदतीनं.

तेलाचा एक कण म्हणजे तीन डब्यांची आगगाडी समजा. या आगगाडीचं इंजिन आहे ग्लिसरीन आणि डबे आहेत चरबीची आम्लं. तिन्ही डबे एकाच इंजिनाला जोडलेले, म्हणून गाडी अवजड आणि तेल दाट. आता त्यात मिथेनॉल नावाचं अल्कोहोल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून मिश्रण साधारण 60 अंश सेल्सिअसला ढवळत ठेवतात. तिन्ही डबे इंजिनापासून सुटतात आणि प्रत्येक डब्याला मिथेनॉलचा एकेक छोटा तुकडा चिकटतो. हे सुटे, हलके डबे म्हणजेच बायोडिझेल. मिश्रण स्थिर ठेवलं की जड ग्लिसरीन तळाशी बसतं आणि बायोडिझेल वर राहतं.

हिशेब असा, की 100 किलो तेलात साधारण 11 किलो मिथेनॉल लागतं. त्यातून जवळजवळ 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलो ग्लिसरीन मिळतं. ग्लिसरीन साबणाला आणि औषधांना उपयोगी पडतं. करंजाच्या तेलात मोकळी आम्लं जास्त असल्यानं त्याच्यावर आधी आणखी एक प्रक्रिया करावी लागते, नाहीतर भांड्यात इंधनाऐवजी साबणच तयार होतो! शेवटी बायोडिझेल धुऊन, सुकवून, गाळून घेतात. ते कसं असावं याचं भारतीय मानकही ठरलेलं आहे.

बायोडिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसतं आणि ते जळताना काजळी कमी धरते. डिझेलसारखं ते पटकन पेटत नाही, म्हणून साठवायला सुरक्षित. दोषही आहेत. त्यातली ऊर्जा डिझेलपेक्षा थोडी कमी असते आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठू लागतं. म्हणून बहुधा ते डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळून वापरतात.

मुलांनो, एक ताकीद मात्र पक्की लक्षात ठेवा. हा प्रयोग घरी किंवा शाळेत करायचा नाही. मिथेनॉल जहाल विष आहे. त्यानं डोळे जाऊ शकतात, जीवही जातो. कॉस्टिक सोड्यानं कातडी भाजते. हे काम कारखान्यातच व्हायला हवं.

मोगली एरंडाची फजिती

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी दर 100 लिटरमागे 85 लिटरहून अधिक तेल परदेशातून आणावं लागतं. त्यामुळे बियांच्या तेलाकडे सरकारचं लक्ष गेलं नसतं तरच नवल.

31 डिसेंबर 2002 रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेसच्या इंजिनात 5 टक्के बायोडिझेल मिसळून चाचणी झाली. 2004 साली दोन मर्सिडीज मोटारी मोगली एरंडाच्या बायोडिझेलवर देशभर सुमारे 5,900 किलोमीटर फिरल्या. ते बायोडिझेल गुजरातेत भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालं होतं. मोगली एरंड म्हणजे आपल्याकडे शेताच्या कुंपणाला लावतात ते झाड. काही भागांत त्याला चंद्रज्योत म्हणतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, पाणी नसलं तरी ते जगतं.

बस्स! 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीनं मोठा बेत आखला. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावायचं आणि 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळायचं. रोपं लागली. आपल्या महाराष्ट्रातही लागली.

आणि मग? झाडं जगली, पण बिया फारशा आल्याच नाहीत. जगणं वेगळं आणि भरभरून फळणं वेगळं, हे कागदावर बेत आखताना लक्षात राहिलं नव्हतं. उपाशी मुलगा जिवंत राहतो, पण शर्यत जिंकत नाही. तसंच झाडाचं. भरपूर बी हवं तर पाणी हवं, खत हवं. तेवढं द्यायचं तर शेतकरी ज्वारी का नाही पेरणार? शिवाय बी वेचायची मजुरी, घेणारा गिऱ्हाईक, परवडणारा भाव, कशाचाच मेळ बसेना. 2009 च्या धोरणानं 20 टक्क्यांचं लक्ष्य 2017 वर नेलं. 2018 च्या नव्या धोरणात ते 2030 पर्यंत 5 टक्के असं खाली आलं.

सगळं काही फुकट गेलं असं नाही. 27 ऑगस्ट 2018 रोजी डेहराडूनहून दिल्लीला एक विमान उडालं. त्याच्या इंधनात याच बियांपासून वेगळ्या पद्धतीनं बनवलेलं जैवइंधन मिसळलेलं होतं.

इथं आणखी एक ताकीद. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, पण त्या विषारी असतात. महाराष्ट्रात शाळकरी मुलांनी त्या खाल्ल्या आणि सगळ्यांना एकदम उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. मित्र म्हणाला "शेंगदाण्यासारखं लागतंय, खाऊन बघ," तर त्यालाही थांबवा. कुणी खाल्ल्याच, तर न लपवता लगेच मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आपला करंज काय करील?

आता पाटी-पेन्सिल घ्या. वर्गात आम्ही केलेलं गणित तुम्हीही करा.

समजा, एका मोठ्या करंजानं वर्षाला 20 किलो बिया दिल्या. घाण्यावर त्यांच्या वजनाच्या साधारण चौथाई तेल निघालं, म्हणजे 5 किलो. नासधूस वजा जाता त्याचं 5 लिटर बायोडिझेल झालं असं धरू. भरलेला ट्रक एका लिटरमध्ये 4 किलोमीटर जातो असं समजा. किती झाले? 20 किलोमीटर. म्हणजे एका झाडाच्या वर्षभराच्या कष्टांवर ट्रक तुर्भ्याहून ठाण्याला पोचेल, पण परत येताना वाटेतच थांबेल!

आमच्या बाजारात लासलगावचा कांदा येतो. अंतर धरा 225 किलोमीटर. एका खेपेला 56 लिटरच्या आसपास इंधन. म्हणजे अकरा-बारा करंजांच्या वर्षभराच्या बिया! आणि ट्रक तर रोज शेकड्यांनी येतात.

वर्ग एकदम गप्प झाला. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, म्हणजे करंज नापास?"

नापास कसा होईल? करंजाला कुणी पाणी घालत नाही, तरी तो रस्त्याला सावली देतो. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. तेल काढून उरलेली पेंड शेताला खत म्हणून चालते. कोकणच्या किनाऱ्यावर उंडीचं झाड आहे. त्याच्या बियांच्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं. हे तेल पूर्वी दिव्यांत जाळायचे, होड्यांच्या लाकडाला चोळायचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठात उंडीवर अभ्यास झाला आहे. अशा झाडांच्या तेलावर गावातला पाण्याचा पंप चालू शकतो. कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांच्या मदतीनं कग्गनहळ्ळी नावाच्या गावात 1990 च्या दशकाच्या शेवटी करंजाच्या तेलावर जनित्र चालवून शेताला पाणी दिलं गेलं. गावाची गरज लहान होती, झाडं गावातच होती, म्हणून ते जमलं. बाजारातल्या सगळ्या ट्रकचं ओझं मात्र करंजाच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

आणि शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल? त्यांचं तेल खूप निघतं, पण ते आपण खातो. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो. ताटातलं तेल काढून टाकीत ओतलं, तर कढई महागणार!

कढईच्या तळाशी

हे सगळं चाललं असताना पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच हात वर केला. तिच्या घरची वडापावची गाडी आहे.

"बाई, आमच्या कढईत उरतं ते काळं तेल चालेल का?"

मी म्हटलं, "हो, चालतं ना. त्याचं तुम्ही काय करता?"

"एक काका येतात. स्वस्तात घेऊन जातात. ते काय करतात, ते आम्हाला माहीत नाही."

मुलांनो, दुसऱ्यांदा वर्ग गप्प झाला. या वेळी मीही.

तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडतं. त्यात जी संयुगं तयार होतात, ती हृदयाला आणि रक्तदाबाला वाईट. म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून नियम केला, की तळणाच्या तेलातली ही "पोलर" संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली, की ते तेल तळणाला वापरायचं नाही. 1 मार्च 2019 पासून रोज 50 लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची मोहीमही सुरू झाली.

आपली नवी मुंबई या कामात मागे नाही. ऑस्ट्रियातल्या म्युन्झर कंपनीच्या भारतीय शाखेनं मुंबई परिसरातल्या हॉटेलांकडून वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याचं काम इथं सुरू केलं. तेल गाळायचं, त्यातलं पाणी आणि वड्यांचा चुरा काढायचा, की पुढची कृती मघाच्या आगगाडीसारखीच. यासाठी वेगळी जमीन लागत नाही, पाऊस लागत नाही, आणि कुणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. उलट काळं तेल पुन्हा कुणाच्या पोटात जाण्याचं टळतं.

सगळ्या कढयांचं तेल मिळूनही देशाला लागणाऱ्या डिझेलचा छोटासाच वाटा भरून निघेल, हेही लक्षात ठेवा. धूर कमी करायचा तर रेल्वेनं माल नेणं, विजेवरची वाहनं, असे दुसरे उपायही लागतीलच. पण हा छोटा वाटा दोन कामं एकदम करतो. टाकी थोडी भरतो आणि पोट वाचवतो.

करून पाहा

1. करंजाची एक बी ठेचून कागदावर चोळा. शेजारी तांदळाचा दाणा, शेंगदाणा आणि खोबऱ्याचा तुकडाही चोळा. कागद वाळू द्या आणि उजेडात धरा. कुठला डाग राहतो, कुठला जातो? नंतर साबणानं हात स्वच्छ धुवा.

2. शाळेच्या वाटेवर करंजाची झाडं किती आहेत ते मोजा. त्यांच्या बियांवर ट्रक कुठवर जाईल, हे वरच्या गणितानं काढा.

3. आठवडाभर घरच्या तळणाचं उरलेलं तेल किती, ते आईबाबांना विचारून वहीत लिहा.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, एकदा तळलेल्या तेलात पुन्हा पुन्हा पुऱ्या-भजी तळू नका. उरलेलं तेल मोरीत ओतलं तर ते गटारं तुंबवतं आणि शेवटी खाडीत जातं. ते गाळून बाटलीत साठवा. तुमच्या सोसायटीत वीस-पंचवीस घरांचं तेल एका कॅनमध्ये जमलं, तर ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांशी बोलणं सोपं जाईल. गाडीवरचे वडे मुलांना जरूर द्या, पण कढईत एकदा डोकावून बघा.

त्या मुलीचे वडील दोन दिवसांनी शाळेत आले. मला वाटलं, रागावले असतील. ते म्हणाले, "बाई, पोरीनं घरी डोकं खाल्लं. ते बायोडिझेलवाले माझ्या दोन लिटरसाठी गाडीपाशी येतील का हो?"

खरं सांगायचं तर एवढ्याशा तेलासाठी कुणी येत नाही. मोठ्या हॉटेलांकडे ड्रम भरतात, म्हणून तिथं गाडी जाते. मी त्यांना तसंच सांगितलं. ते जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "आमच्या रांगेत अकरा गाड्या आहेत. सगळ्यांनी एकच ड्रम ठेवला तर?"

अकरापैकी चौघे तयार झाले आहेत. बाकीच्यांना काळ्या तेलाचे स्वस्तात का होईना, मिळणारे पैसे सोडवत नाहीत. त्यांचंही पोट हातावर आहे. पण ड्रम आला आहे. त्यावर त्या मुलीनं खडूनं लिहिलंय, "हे तेल ट्रकचं आहे." पावसानं अक्षरं पुसली की ती पुन्हा लिहिते.

तुमच्या गल्लीतल्या कढईच्या तळाचं तेल कुठं जातं, विचारून बघाल का?